कुणीच न घातलेली जॅकेटं

माझ्या दुकानात शिरताना लोक आधी माफी मागतात. "सॉरी हं फ्राऊ बोंद्रे, जरा जास्तच फाटलंय." अरे, फाटलंय म्हणूनच आलास ना माझ्याकडे? धडकं घेऊन आला असतास तर मी काय तुझी आरती ओवाळली असती? सत्तावीस वर्षं झाली, ड्युसेलडॉर्फच्या बिल्क भागात माझं हे एका खोलीचं दुकान आहे. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं ही रोजची कामं. पण माझं खरं काम रफूचं.

रफू मी आईकडून शिकले. आई सोलापूरला गिरणीत कापड दुरुस्तीच्या खात्यात होती. मागावरून कापड उतरलं की कुठे धागा तुटलेला असायचा, कुठे सुटलेला. तो सुईने असा भरायचा की गिऱ्हाइकाच्या बापालाही कळता कामा नये. दिसला तो रफूच नव्हे, असं आईचं म्हणणं. मीही तेच मानत आले होते. मग एक दिवस मोरिशिता-सान दुकानात आल्या.

आमच्या शहरात जपानी लोक पुष्कळ. स्टेशनजवळ इमरमानश्ट्रासेवर त्यांची दुकानं आहेत आणि ऱ्हाइनच्या पलीकडे नीडरकासेलला घरं. मोरिशिता-सान तिकडच्या. तेव्हा सत्तरीच्या होत्या, आता ब्याऐंशीच्या आहेत. गेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट रफूला टाकला होता. न्यायला आल्या तेव्हा भोक कुठे होतं ते शोधून शोधून दमल्या आणि म्हणाल्या, "काम फार सुंदर आहे. पण तुम्ही इतकं लपवता कशाला?" मला रागच आला. म्हटलं, बाई, लपवायलाच तर लोक येतात माझ्याकडे!

पुढच्या आठवड्यात त्या स्वतःचं काम घेऊन आल्या. जाडं निळं कापड, त्यावर निळीच ठिगळं आणि सगळ्यावरून पांढऱ्या दोऱ्याचे टाके, तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तसे. त्याला साशिको म्हणतात. इथे फाटलं, इथे सांधलं, असं सरळ सांगून टाकणारं काम. मी नाक मुरडलं. हा तर साधा धावदोरा, आमच्याकडे पोरीसोरी घालतात! मग स्वतः घालायला बसले आणि पहिल्याच ओळीत कापडाच्या चुण्या झाल्या. त्या हसल्या. ओळ संपली की दोरा जरा सैल सोडायचा आणि कापड बोटांनी दोऱ्यावरून सरकवत सपाट करायचं, नाहीतर धुतल्यावर आवळतं. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी एकत्र बसतो. मी त्यांना रफू शिकवते, त्या मला साशिको शिकवतात. भांडतोही खूप.

आता उर्जाचं सांगते. उर्जा माझी मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. इथेच जन्मली, इथेच शिकली. शिक्षण संपल्यावर दीड वर्ष घरी बसली होती. अर्जांवर अर्ज करायची, आणि आलेली नकाराची पत्रं मला दिसू नयेत म्हणून उशीच्या अभ्र्यात लपवायची. धुवायला अभ्रे काढते मीच, मला काय दिसणार नाही? शेवटी एका कपड्यांच्या कंपनीत लागली. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच वकिलाची पत्रं यायला नकोत. पर्यावरणाला धक्का न लावता कपडे बनवतो, असं त्यांचं म्हणणं. कपडा फेकू नका, दुरुस्त करा, पुन्हा घाला, हे लोकांना सांगायचं काम उर्जाचं. पोरगी मनापासून करायची. पण कॉन्ट्रॅक्ट बेफ्रिस्टेट, म्हणजे दोन वर्षांपुरतं. ते ह्या जूनमध्ये संपणार होतं.

फेब्रुवारीत ती उड्या मारतच दुकानात आली. कंपनीने गिऱ्हाइकांकडून जुनी डेनिम जॅकेटं मागवली होती. त्यातली चाळीस साशिकोने दुरुस्त करून मे महिन्यात मोठ्या दुकानात मांडायची, अशी कल्पना. कल्पना तिची. आणि शिवायला कोण, तर आई. "आई, हे नीट झालं ना, तर फिलिप मला कायम करणार आहे." फिलिप तिचा साहेब. थंडीतही पांढऱ्या बुटांत मोजे न घालणारा माणूस. मला चारुलता न म्हणता "शारू" म्हणायचा. असो, मी हो म्हटलं. लेकीच्या कंपनीसाठी आपला हात कामी येतोय म्हटल्यावर माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये खोकी आली. मी कामाला बसले. साशिकोत भोकाच्या मागून ठिगळ ठेवून वरून टाके घालतात, भोकाकडे फार बघावं लागत नाही. पण माझी खोड रफूवाल्या बाईची. मी आधी भोकाच्या कडा बघते, उभे धागे किती उरलेत, आडवे किती गेलेत ते मोजते. शिवणीच्या आतून एखादा धागा ओढून बाहेरच्याशी ताडून पाहते. घातलेल्या जॅकेटचा आतला धागा गडद निघतो आणि कोपरावरचा विटलेला, कारण कोपराने ऊन पाहिलेलं असतं, टेबलं घासलेली असतात. ह्या जॅकेटांत आतला धागा जसा निळा, तसाच बाहेरचा. पहिल्याला वाटलं, असेल बाई, कपाटात पडून राहिलं असेल. दुसरं तसंच. तिसरं तसंच.

चौथं शिवून झालं तेव्हा मी खिसे उलटे केले. तुम्ही आत्ता तुमच्या जुन्या कपड्याचा खिसा उलटा करून बघा. खालच्या कोपऱ्यात कचरा असतोच असतो. दोऱ्याचा गुंता, धुतलेल्या कागदाचा लगदा, ट्रामच्या तिकिटाचा तुकडा. धुऊन तो जात नाही, उलट घट्ट बसतो. ह्या चारही जॅकेटांचे खिसे आरशासारखे लख्ख. मग मी चाळीसच्या चाळीस जॅकेटं कापायच्या टेबलावर पसरली. प्रत्येकाचा डावा कोपर फाटलेला. प्रत्येकाचा, एकाच जागी. भोकांच्या कडा कडक, किंचित करपलेल्या. मशीनने जाळून पाडलेली भोकं! चाळीस माणसं काय, रांगेत उभी राहून एकाच भिंतीला कोपर घासत होती की काय?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी उर्जा जेवायला आली. थालीपीठ तव्यावर असतानाच मी विषय काढला.

"ती जॅकेटं नवी आहेत."

"नाही गं, धुतलीत म्हणून तशी वाटतात."

"मला शिकवू नकोस. खिसे कोरे आहेत."

"आई, तू खिसे कशाला बघतेस?" तिचा आवाज चढला.

माझे यजमान राजन आधी एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायचे, आता निवृत्त आहेत. भांडण दिसलं की मध्ये पडायची त्यांना वाईट सवय. "अगं, तू आपलं शिवणकाम बघ ना. पोलीस कशाला होतेस?"

"अहो, तुम्ही दही घ्या," मी म्हटलं. त्यांनी दह्याची वाटी पुढे ओढली.

उर्जा म्हणाली, फिलिपला विचारते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. खुर्चीत बसली नाही, दाराशीच उभी राहिली आणि सगळं जर्मनमध्ये बोलली. भांडायचं असलं की ती जर्मनवर जाते. लोकांनी जुनी जॅकेटं दिली होती, खूप दिली होती. पण त्यांची मापं वेगवेगळी, रंग वेगवेगळे. काहींना वास येत होता, काहींचं कापड इतकं विरलेलं की टाका धरेना. फोटोत ती चांगली दिसेनात. म्हणून फिलिपने नवी मागवली आणि भोकं पाडून घेतली.

"आणि लोकांनी दिलेली कुठायत?"

ती दाराच्या कडीशी चाळा करायला लागली.

"उर्जा, कुठायत ती?"

"पाठवली. तुकडे करायला."

म्हणजे बघा, खरी फाटकी फेकली आणि धडकी फाडली! आणि वर पाटी काय, तर कपडा फेकू नका. शी! माझ्या हातात कात्री होती, ती मी टेबलावर आपटली. मी म्हटलं, उद्या सगळी खोकी परत ने. तुझ्या त्या फिलिपला म्हणावं, भोकं पाडलीस तशी शीवही तूच.

तेव्हा उर्जा रडायला लागली. मराठीत रडली, म्हणजे रडता रडता मराठीत बोलायला लागली. "आई, मी पुन्हा घरी बसू? तुला माहितीये ना ते दीड वर्ष कसं गेलं? सगळेच असं करतात गं. कुणाचं काय वाईट होतंय? जूनपर्यंत, फक्त जूनपर्यंत. एकदा मला कायम केलं ना, की मी आतून बदलेन सगळं." मला ते उशीचे अभ्रे आठवले. मी आई आहे हो, दगड नाही. मी शिवली. छत्तीस उरली होती, छत्तीसच्या छत्तीस शिवली. टाका एकही वाकडा घातला नाही. पण कामाला बसताना हात धुवावेसे वाटायचे आणि उठतानाही.

मोरिशिता-सानना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पण जॅकेटं मांडायच्या मुहूर्ताला त्या आपल्या आजीची कामाची विजार मांडायला देणार होत्या. उर्जाकडून ऐकून फिलिप स्वतः फुलं घेऊन त्यांच्याकडे जाऊन आला होता. ती विजार मी एकदाच पाहिली होती. जपानच्या उत्तरेकडची आजी, थंडीचा मुलूख, कापूस दुर्मीळ. मूळ कापड कोणतं ते आता सांगताही येत नाही, नुसती ठिगळावर ठिगळं आणि टाक्यावर टाके. अशा कपड्याला त्यांच्याकडे बोरो म्हणतात. पाहुणे आले की आजी ती विजार लपवायची, असं त्या सांगायच्या. गरिबीची लाज. ती विजार त्या चाळीस खोट्यांच्या मधोमध टांगली जाणार, ह्या विचाराने मला जेवण जाईना. मुहूर्ताच्या आदल्या गुरुवारी मी एक जॅकेट पिशवीत घालून नीडरकासेलला गेले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी जॅकेट मांडीवर घेतलं. कोपरावरून बोट फिरवलं, चष्मा लावून कड पाहिली.

"तुम्हाला कितव्या जॅकेटला कळलं?"

"चौथ्या."

"आणि शिवलीत किती?"

"चाळीस."

त्यांनी जॅकेटची घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवली. दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मीच बोलत सुटले. मुलीची नोकरी, तिचं कॉन्ट्रॅक्ट, इथे आपल्यासारख्या परक्या नावाच्या मुलीला काम मिळणं किती अवघड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, टेबलावर घडी करून ठेवलेली आजीची विजार उचलली आणि परत पेटीत ठेवली.

"ही येणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीने आपलं फाटकं लपवलं. जे फाटलं नव्हतं ते तिने कधी फाडलं नाही. माझं मी ठरवलं, चारु-सान. तुमच्या मुलीचं तुम्ही बघा. मला मुलगी नाही, म्हणून मला हे सोपं आहे."

परतताना मी ट्राममध्ये उभीच राहिले, बसायला जागा असून. म्हातारीने मला एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता. माझा राग सगळा माझ्यावरच होता.

शुक्रवारी फिलिप दुकानात आला. विजार मिळणार नाही हे त्याला कळलं होतं, पण त्याने ते फार मनाला लावून घेतलेलं दिसलं नाही. "मग आता तूच आमची मुख्य व्यक्ती, शारू!" त्याने मला एक कागद दिला. मी काय बोलायचं ते त्यावर लिहिलेलं होतं. प्रत्येक भोक म्हणजे एक आठवण, वगैरे. आणि हे मी मराठीत बोलायचं, उर्जा शेजारी उभी राहून जर्मन करणार.

"मराठीत कशाला? मी तीस वर्षं जर्मन बोलते."

"आल्झो, तेच तर! तू जर्मन बोललीस की एखाद्या नेहमीच्या शिवणकाम करणाऱ्या बाईसारखी वाटतेस."

"मी नेहमीची शिवणकाम करणारी बाईच आहे."

"गेनाऊ! अगदी तेच!" तो हसला. "आणि साडी नेसशील?"

"काम जपानी, जॅकेट जर्मन, मग साडी कशासाठी?"

"वातावरणासाठी."

मी कागद ठेवून घेतला. साडीचं बघू, म्हटलं. सांगते, त्या क्षणीसुद्धा माझं काही ठरलेलं नव्हतं. जावं, कागद वाचावा, घरी यावं आणि जूनपर्यंत तोंड शिवून बसावं, असंच मनात होतं. राजन म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न आहे. पोरीचं आयुष्य मार्गी लागेल." त्यांचं चूक होतं असंही मला म्हणवेना.

शनिवारी सकाळी अकराला कंपनीच्या मोठ्या दुकानात गेले. रोजची काळी पँट, रोजचा शर्ट, गळ्यात मोजपट्टी. फिलिपचा चेहरा जरा पडला. दुकान भरलेलं होतं. वर्तमानपत्रवाले, कॅमेरेवाले, शिवणकाम शिकणाऱ्या मुली, काही म्हाताऱ्या बायका. चाळीस जॅकेटं लाकडी दांड्यावर टांगलेली. प्रत्येकाच्या बटणाला जाड कागदाची एक चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठ्या मी पहिल्यांदाच पाहत होते. प्रत्येकीवर त्या जॅकेटची गोष्ट छापलेली. एकीवर, हे जॅकेट अकरा वर्षं सफरचंदांच्या बागेत राबलं. दुसरीवर, हे घालून एक दाई सायकलवरून गावोगाव बाळंतपणं करत फिरली. बरं सुचतं एकेकाला, म्हटलं, आणि तिसरी चिठ्ठी वाचली.

हे जॅकेट घालून एक माणूस दर रविवारी अंगणात बसून गल्लीतल्या मुलांच्या सायकली दुरुस्त करायचा. फुकट. त्याची बायको तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्याला दोरीला बांधलेल्या टोपलीत चहा सोडायची.

मी चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. ती बायको मी होते. आम्ही बिल्कला पहिलं घर घेतलं तेव्हा राजन असेच रविवारी अंगणात सायकली घेऊन बसायचे, आणि चहाची टोपली मीच सोडायची. दोरी धरायचं काम सहा वर्षांच्या उर्जाचं. चहा सांडला तर ती रडायची. त्या कंपनीत हे उर्जाशिवाय कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

मी मान वर केली. उर्जा माईक हातात घेऊन माझ्याकडेच बघत होती. मी चिठ्ठी धरलेली पाहून तिने नजर खाली घातली. मला आधी राग आला, आणि मग लगेच इतकं वाईट वाटलं की रागाला जागाच उरली नाही. माझी लेक खोटं लिहायला बसली आणि खोटं सुचेना, म्हणून तिने घरातलं खरं काढून ह्या कंपनीवाल्यांना देऊन टाकलं.

फिलिप बोलला, टाळ्या झाल्या. मग त्याने मला पुढे बोलावलं. मी खिशातून कागद काढला, घडी उघडली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक जर्मन म्हातारी, काठीवाली, उभी राहिली. तिच्या हातात ते सायकलवालं जॅकेट होतं.

"माफ करा, मध्येच विचारते. हा सायकली दुरुस्त करणारा माणूस अजून आहे का?"

तिचे डोळे भरून आले होते. तिचाही कुणी असा असणार. फिलिप गोड हसला आणि म्हणाला, "हे आमची शारूच सांगेल. तिच्या भाषेत."

मी कागदाची घडी घातली, परत खिशात ठेवली आणि म्हातारीकडे बघून मराठीत बोलले. हळू बोलले, एकेक वाक्य सुटं, भाषांतर करणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

"आजी, तो माणूस माझा नवरा आहे. जिवंत आहे, आत्ता घरी मटार सोलत बसलाय. पण हे जॅकेट त्याने कधी घातलेलं नाही. हे कुणीच घातलेलं नाही. इथल्या चाळीसांपैकी एकही कुणी घातलेलं नाही. नवी आणली आणि मशीनने भोकं पाडली. तुम्ही लोकांनी जी खरी जुनी दिली होती, ती तुकडे करायला पाठवली. मला हे चौथ्या जॅकेटला कळलं, आणि तरी मी चाळीस शिवली. त्याची मला लाज वाटते."

फिलिप मान डोलवत होता. "किती सुरेल भाषा आहे," तो शेजारच्या कॅमेरेवाल्याला म्हणाला.

मग मी उर्जाकडे वळले. "आता तू सांग त्यांना. नाही सांगवलं तर माईक खाली ठेव, मी माझ्या जर्मनमध्ये सांगते. तुझ्यावर राग नाही माझा. पण हे मी सांगणार आहे, हे नक्की."

उर्जा होती तिथेच उभी होती. पंचवीस माणसं तिच्याकडे बघत होती आणि म्हातारीने जॅकेट छातीशी धरलं होतं. माझ्या मनात आलं, चारुलता, काय केलंस हे, पोरीला चारचौघांत भिंतीशी नेऊन उभी केलीस. जीभ चावावीशी वाटली. पण शब्द परत घ्यावेत असं मात्र एकदाही वाटलं नाही.

तिने माईक तोंडाशी नेला आणि जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. तो माणूस माझा बाप आहे, म्हणाली. तो हयात आहे. हे जॅकेट त्याने कधी घातलेलं नाही. मी जसं सोडलं होतं तसं वाक्यामागून वाक्य तिने सांगितलं. मशीन सांगितली, भोकं सांगितली, तुकडे करायला पाठवलेली जॅकेटं सांगितली. एक शब्द गाळला नाही, एक मऊ केला नाही. आई म्हणते तिला लाज वाटते, हेसुद्धा सांगितलं. फिलिप हसायचा थांबला होता. कुणाचा तरी कॅमेरा चालू होता, त्याचा लाल दिवा दिसत होता.

मला वाटलं, झालं. पण तिने माईक खाली घेतला नाही. चिठ्ठ्या कुणी लिहिल्या ते मी मुद्दामच बोलले नव्हते. तेवढं तरी तिच्या अंगाशी येऊ नये, ते आपल्या घरात राहावं, असं मला वाटत होतं.

"हे माझी आई म्हणाली," उर्जा म्हणाली. "आता मी सांगते. ह्या चाळीस गोष्टी मी लिहिल्यात. मला सुरुवातीपासून माहीत होतं."

"उर्जा, बस," फिलिप म्हणाला आणि त्याने माईकसाठी हात पुढे केला.

तिने तो दिला नाही.